‘इनसाइड आउट’: आधी कोणता भाग बघावा?

दोनपैकी एकच बघणं होणार असेल तर ‘इनसाइड आउट’ या ॲनिमेशनपटाचा पहिला भाग बघावा, हे माझं सरळ मत. मात्र घरात बारा-तेरा वर्षांचं मूल असेल आणि ते हल्ली सतत कसल्या ना कसल्या धास्तीत वावरत असेल, तर दुसरा आधी लावायलाही हरकत नाही.

पहिला भाग २०१५चा, दिग्दर्शक पीट डॉक्टर. दुसरा २०२४चा, दिग्दर्शक केल्सी मॅन. दोन्ही साधारण दीड तासाचे. पहिल्यात अकरा वर्षांची रायली आई-बाबांबरोबर मिनेसोटा सोडून सॅन फ्रान्सिस्कोला राहायला येते. तिच्या डोक्यातलं मुख्यालय जॉय, सॅडनेस, अँगर, फिअर आणि डिसगस्ट या पाच भावना चालवतात. दुसऱ्यात ती तेरा वर्षांची होते, तीन दिवसांच्या हॉकी शिबिराला जाते आणि ढीगभर सामान घेऊन अँग्झायटी, म्हणजे चिंता, आणखी काही नव्या भावनांबरोबर मुख्यालयात मुक्कामाला येते.

पहिल्या भागाची ताकद एका छोट्या प्रसंगात दिसते. रायलीचा लहानपणीचा काल्पनिक सवंगडी बिंग बाँग. त्याची लाडकी गाडी कचऱ्याच्या दरीत ढकलली जाते आणि तो मटकन खाली बसतो. जॉय त्याला गुदगुल्या करते, वेडीवाकडी तोंडं करून दाखवते, पण तो हलत नाही. मग सॅडनेस शेजारी येऊन बसते आणि त्याचं नुसतं ऐकून घेते. तो रडतो, डोळे पुसतो आणि आपणहून उठतो. जॉय बघतच राहते. दुःखाचा उपयोग काय, हे कोणी भाषण देऊन सांगत नाही. ते तिच्याबरोबर आपल्यालाही तिथल्या तिथे कळतं. मुलांना रडू न देणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने हा प्रसंग बघायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या भागात असा शोध कमी आणि ओळख जास्त आहे. अँग्झायटी खलनायिका नाही, हे त्यातलं सर्वांत चांगलं. तिला रायलीचं भलंच हवंय. फक्त उद्या काय काय बिघडू शकतं याची चित्रं ती रात्रभर काढून घेते आणि पोरीची झोप उडवते. शेवटी रायली खेळातल्या चुकीची शिक्षा म्हणून बाहेर बसलेली असते, तेव्हा तिचा श्वास अडकतो, हात छातीवर जातो. आत अँग्झायटी वादळासारखी गरगरतेय, आणि त्या वादळाच्या मध्यभागी ती स्वतः गोठून उभी, डोळ्यांत पाणी. पॅनिक अटॅक इतका खरा आणि मुलांना समजेल असा दाखवलेला मी दुसऱ्या कुठल्या ॲनिमेशनपटात बघितलेला नाही. ‘मला हेच होतं’ असं एखादं मूल म्हणू शकेल, ते याच दृश्यामुळे.

कथेचा सांगाडा मात्र तोच. मुख्यालयातून बाहेर फेकलं जायचं, मनाच्या कानाकोपऱ्यांतून वाट काढत परत यायचं. पहिल्यात ही वाट जॉय आणि सॅडनेस या दोघींची होती, म्हणून त्यांचं नातं घडताना दिसलं. दुसऱ्यात जुन्या पाचही जणी एकत्र हाकलल्या जातात आणि गर्दी होते. नव्या आलेल्यांपैकी आन्वी (कंटाळा) आणि एम्बरॅसमेंट (ओशाळलेपणा) यांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. आई-बाबाही जवळजवळ बाजूलाच राहतात. पहिल्या भागात शेवटी त्यांनी रायलीला जवळ घेतलं होतं, ती ऊब इथे नाही. विनोदात मात्र दुसरा कमी पडत नाही. मनातल्या तिजोरीत कोंडलेली पात्रं, त्यातही जुन्या व्हिडिओ गेममधून उचलून आणल्यासारखा वाटणारा तो योद्धा, धमाल आहेत.

दुसऱ्याने जगभरात दीड अब्ज डॉलरहून जास्त कमाई केली, सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं ते पहिल्याला. निवड करताना यातलं काहीच फार मनावर घेऊ नये. बरोबर कोण बसणार आहे, ते बघावं. सहा-सात वर्षांच्या मुलांना पहिला जास्त जवळचा वाटेल. बिंग बाँगच्या शेवटच्या प्रसंगात ती रडतील, तेव्हा शेजारी असा. दुसरा आधी बघितला तरी कथा समजते, पण जॉयने सॅडनेसचा हात धरण्यामागे काय घडून गेलंय ते कळत नाही. दोन्ही बघायचे असतील तर क्रमानेच बघा, आणि दुसऱ्याची श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका. तिच्यानंतर अजून एक दृश्य आहे.