एसएमबीकंट्रोल: चालू साम्बा सर्व्हर न थांबवता, काही महिन्यांच्या वापरानंतर

लातुरातल्या एका कोचिंग क्लासचा फाइल सर्व्हर मी सांभाळतो. लिनक्सवर साम्बा आहे, म्हणजे विंडोज मशीनना नेटवर्कवरून सर्व्हरच्या फाइल वापरू देणारं सॉफ्टवेअर. नीट, जेईई आणि सीईटीचे सराव पेपर त्यावरच टाइप होतात, तपासले जातात आणि छपाईला जातात. परीक्षेच्या मोसमात हा सर्व्हर पाच मिनिटं बंद ठेवणंही परवडत नाही. त्यामुळे साम्बासोबतच येणारी एसएमबीकंट्रोल ही कमांड आता माझ्या रोजच्या वापरातली झाली आहे.

साम्बा प्रत्येक क्लायंटसाठी, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक मशीनसाठी, एसएमबीडी या आपल्या मुख्य प्रोग्रामची वेगळी प्रोसेस चालवतो. अडचण बहुतेक वेळा एकाच क्लायंटची असते, पण सर्व्हिस रिस्टार्ट केली की सगळ्यांचीच कामं तुटतात. एसएमबीकंट्रोलने चालू प्रोसेसला थेट निरोप देता येतो: आधी कुणाला, मग काय. रूटचे, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याचे, अधिकार मात्र लागतात.

सर्वात जास्त उपयोग होतो लाइट गेल्यावर. सर्व्हर इन्व्हर्टरवर आहे, टायपिंगच्या मशीन नाहीत. मशीन अचानक बंद पडते, पण सर्व्हरला ते लगेच कळत नाही. क्लायंट जिवंत आहे का ते तपासणाऱ्या कीपअलाइव्हची मूळ सेटिंगच ३०० सेकंदांची आहे. तोवर जुनी प्रोसेस फाइल धरून बसते. लाइट आली की हाक येते, "सर, पेपर उघडंना झालाय!" मी एसएमबीस्टेटस (कोण जोडलंय, कुठली फाइल उघडी आहे ते दाखवणारी कमांड) चालवून ती फाइल कुठल्या पीआयडीकडे, म्हणजे कुठल्या क्रमांकाच्या प्रोसेसकडे, आहे ते बघतो आणि तेवढ्याच पीआयडीला शटडाउनचा निरोप देतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. एखाद्या मशीनची सगळी कनेक्शनं तोडायची असतील तर तिच्या आयपी पत्त्यावरून ती तोडणारा किल-क्लायंट-आयपी हा निरोप आहे. प्रोसेस जबरदस्तीने मारणारी किल मायनस नाइन ही लिनक्सची कमांड मात्र कुणी वापरू नये. त्याने प्रोसेसेसची सामायिक मेमरी विस्कटलेल्या अवस्थेत राहू शकते, म्हणून साम्बाचं मॅन्युअलच तसं न करण्याचा सल्ला देतं.

दुसरा उपयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. एखादे सर क्लास सोडून गेले की पेपरच्या शेअरमधून (सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमधून) त्यांचं नाव काढावं लागतं. व्हॅलिड युजर्स या परवानगीच्या यादीतून नाव काढलं, सेटिंग पुन्हा वाचायला लावणारा रीलोड-कॉन्फिग निरोप पाठवला, तरी आधीच जोडलेलं कनेक्शन तसंच चालू राहतं. हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. इथे क्लोज-डिनाइड-शेअर हा निरोप कामाला येतो. ज्यांची परवानगी गेली आहे तेवढ्यांनाच तो बाहेर काढतो, बाकीचे काम करत राहतात. पेपर फुटला तर वर्षभर राबलेल्या पोरांचा विश्वास जातो, म्हणून ही सोय मी फार मानतो. साधं क्लोज-शेअर मात्र त्या शेअरवरच्या सगळ्यांनाच तोडतं, आणि परवानगी असलेला माणूस विंडोजमधून लगेच परत जोडला जातो. रीलोडच्या आधी टेस्टपार्म ही कमांड चालवून कॉन्फिग फाइल (साम्बाच्या सेटिंगची फाइल) तपासायची सवय ठेवावी.

तिसरं म्हणजे लॉग, सर्व्हर काय करतो त्याची नोंदवही. एकाच मशीनला त्रास असेल तर तिच्या पीआयडीला डीबग १० (अतिशय तपशीलवार नोंदी) पाठवायचं, त्रास पुन्हा घडवून लॉग वाचायचा आणि परत १ करायचं. सगळ्या सर्व्हरला १० लावलं तर लॉगचा डोंगर होतो आणि हवी ती ओळ सापडत नाही. जुन्या लेखांत यासाठी यूएसआर१, यूएसआर२ हे प्रोसेसला पाठवायचे लिनक्सचे सिग्नल सांगितलेले दिसतात; साम्बा २.२ पासून ते बंद आहेत. तसंच ३.३ पासून 'एसएमबीडी' लिहिलं की निरोप फक्त मुख्य प्रोसेसला जातो. सगळ्या डेमनना (मागे चालणाऱ्या साम्बाच्या प्रोसेसेसना) पोचवायचा असेल तर 'ऑल' लिहावं लागतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. प्रोसेस जागी आहे का ते विचारणाऱ्या पिंगला पाँग असं उत्तर येतं, पण क्लोज-शेअरसारखा निरोप गेल्यावर पडद्यावर काहीच उमटत नाही. शेअरचं नाव चुकलं तरी तीच शांतता. त्यामुळे प्रत्येक वेळी एसएमबीस्टेटस पुन्हा बघावं लागतं. आणि ज्याचं कनेक्शन तुटतं त्याला आधी कसलीही सूचना मिळत नाही. सेव्ह न केलेला मजकूर जाऊ शकतो. म्हणून क्लोज-शेअर चालवण्याआधी मी टायपिंगच्या खोलीत जाऊन सगळ्यांना फाइल सेव्ह करून बंद करायला सांगतो.