बंधनं नसलेला निधी: तीन वर्षांचा अनुभव

आमच्या संस्थेचे हिशेब मी सांभाळते. एका देणगीदार प्रतिष्ठानाकडून मिळालेलं संस्था-बळकटीचं अनुदान, म्हणजे एखाद्या प्रकल्पापुरतं न बांधता संस्थाच भक्कम व्हावी म्हणून दिलेला निधी, नुकतंच संपलं, म्हणून हे लिहितेय.

आधीच्या एका देणगीदाराने प्रकल्पाला पैसे दिले, पण ऑफिसचं भाडं आणि माझा पगार ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून सरळ कापला. ते वर्षभर व्हाउचरं मी रात्री घरी बसून लावली. ऑडिटच्या आदल्या दिवशी तीन पावत्या सापडेनात, तेव्हा रडूच कोसळलं होतं. या नव्या अनुदानात असा खर्च कापण्याचं कलमच नव्हतं. पहिल्या हप्त्यातून हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं, विश्वस्तांचं प्रशिक्षण झालं आणि चार महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी बाजूला ठेवता आली. ती ठेवू देणारा देणगीदार मी पहिल्यांदाच पाहिला! फोर्ड फाउंडेशनचा २०१६ मध्ये सुरू झालेला ‘बिल्ड’ कार्यक्रमही याच धर्तीचा: ५ वर्षांचा लवचीक निधी, जोडीला संस्थाबांधणी. आम्हाला ३ वर्षंच मिळाली, ती कमी पडली.

दुसरा हप्ता दोन महिने रखडला. पगार थांबले नाहीत ते त्या गंगाजळीमुळेच. अर्ज करणार असाल तर हप्त्यांच्या तारखा करारातच लिहून घ्या.