पायटेस्टमधल्या वॉर्निंग दाबणं, आठ महिने वापरून

आम्ही संभाजीनगरात बसून दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो, गिऱ्हाईक बहुतेक भूम-कळंबकडचे. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकलं की पावती निघते. पायथन 3.12 वर गेलो आणि पायटेस्ट (पायथन कोडच्या टेस्ट चालवायचं टूल) चालवलं की शेवटी 312 पास आणि 1847 वॉर्निंग दिसायला लागल्या, फेल झालेली टेस्ट त्या ढिगात सापडायची नाही, मग आम्ही डिसेबल-वॉर्निंग्ज फ्लॅग लावून टाकला अन् सगळ्यांना लई बरं वाटलं. तो फ्लॅग नुसती शेवटची यादी लपवतो, वॉर्निंग आत येतच राहतात.

महिन्याभरात एका केंद्रावरून फोन आला, "दादा, सकाळच्या पावतीवर कालची तारीख पडतीय बघा." पावती पहाटे 5:10 ची. नव्या पावतीच्या कोडमध्ये यूटीसीनाऊ वापरलं होतं, ते फंक्शन यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली आत्ताची वेळ देतं, आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढं, म्हणजे साडेपाचच्या आधी घातलेलं सगळं दूध आदल्या दिवशी जमा. दहा दिवसांचं बिल असतं हो, अकराव्या दिवसाचं दूध मागच्या बिलात गेलं की शेतकऱ्याचा हिशोबच जुळत नाही. आणि यूटीसीनाऊवर 3.12 पासून डेप्रिकेशन वॉर्निंग (हे आता वापरू नका अशी सूचना) येतेच, त्या ढिगात आमच्या फाईलचं नाव अन् लाईन नंबर रोज छापून येत होता. हे मला आजही लागतं.

मग पायटेस्ट डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाईलमध्ये फिल्टरवॉर्निंग्ज लिहिलं. पहिली ओळ एरर, म्हणजे कुठलीही वॉर्निंग आली की टेस्ट फेल, आणि त्याखाली एकेक इग्नोर, म्हणजे ही वॉर्निंग सोडून दे. क्रम उलटा करू नका, एकाच वॉर्निंगला दोन ओळी लागू झाल्या तर शेवटची चालते, एरर खाली गेलं की वरचे सगळे इग्नोर वाया. पहिल्या दिवशी अर्ध्या टेस्ट लाल झाल्या, पण तीन-चार दिवसांत आवरलं. आमच्या कोडमधल्या वॉर्निंग दुरुस्तच केल्या, इग्नोर फक्त दुसऱ्याच्या लायब्ररीला. आमच्याकडं डेटयुटिल ही तारखांची लायब्ररी 2.8.2 होती, तिच्या आतून यूटीसीफ्रॉमटाइमस्टँप या तसल्याच फंक्शनची वॉर्निंग यायची, तिला फिल्टरमध्ये त्या लायब्ररीच्या मॉड्यूलचं नाव देऊन गप्प केलं, तीच चूक आमच्या कोडमध्ये झाली तर टेस्ट फेलच होते.

एका गोष्टीनं दुपार खाल्ली. वॉर्निंगचा मजकूर जसाच्या तसा पेस्ट केला तर फिल्टर लागायचाच नाही. आयएनआयमध्ये तो मजकूर रेजेक्स (मजकूर जुळवायचा नमुना, त्यात कंसासारख्या चिन्हांना वेगळा अर्थ असतो) म्हणून वाचला जातो, फंक्शनच्या नावापुढचा रिकामा कंस त्याला कंस वाटतच नाही, दोन्ही कंसांच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. मजकुरात कोलन असेल तरी गडबड, कारण फिल्टरचे भाग कोलननंच तोडतात, तिथं कोलनच्या आधीपर्यंतचाच मजकूर द्या, सुरुवात जुळली की पुरतं. कमांडलाईनवर डब्ल्यू ऑप्शननं फिल्टर दिला तर मात्र मजकूर साधा धरतात, रेजेक्स नाही, म्हणून टर्मिनलवर चाललेलं फाईलमध्ये चालत नाही.

प्रत्येक इग्नोरच्या वर कमेंट टाकतो, कशासाठी आणि लायब्ररी कुठल्या व्हर्जनला गेली की काढायचा. सुरुवातीला अशा 14 ओळी होत्या, आता 5 उरल्यात.