कांडवेलीचा अर्क: पेशींवर की उंदरांवर?

मुरगळलेल्या हाताला कांडवेल बांधणारी माणसं कोल्हापुरात आजही भेटतात. पण पाळी गेल्यावर झिजणाऱ्या हाडांवर तिचा अर्क चालतो का, हे शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने तपासायचं ठरवलं, तर सुरुवात कुठून करावी?

हाड घडवणाऱ्या पेशी बशीत वाढवून त्यांवर अर्क टाकणं स्वस्त आणि झटपट. अल्कलाइन फॉस्फटेज (हाड घडताना वाढणारं विकर) वाढलं का, अलिझरिन रेड या रंगाने कॅल्शियम लाल दिसतं का, बघायचं. मात्र हा अर्क आतडं आणि यकृत यांतून गेलेलाच नसतो, आणि माझ्या मते खरी अडचण तीच.

अंडाशय काढलेल्या उंदराच्या मादीत, पाळी गेल्यावर घटतं तसंच, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं, हाड खरोखर विरळ होतं. अर्क तोंडावाटे देऊन मायक्रो-सीटीवर (हाडाच्या सूक्ष्म रचनेचं क्ष-किरण स्कॅन) फरक मोजता येतो. महिने जातात, प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते. तरी बशीतल्या निकालावरच ‘हाडं मजबूत’ असं लेबल बाटलीवर चिकटवणं मला अजिबात पटत नाही.