घर खाली करण्याच्या दाव्यात बेलिफाची बजावणी कितपत भरवशाची?

भाडेकरूविरुद्ध दावा दाखल झाला की समन्स, म्हणजे न्यायालयात हजर राहण्याचा हुकूम, बेलिफाच्या (न्यायालयाचे कागद पोचवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) हाती जातं, किंवा स्पीड पोस्टाने. ते भाडेकरूपर्यंत रीतसर पोचवणं म्हणजे बजावणी. आमच्या मते बेलिफाची बजावणी जास्त भक्कम, पण तिचा सगळा जीव बेलिफाच्या अहवालात असतो. अहवाल पोकळ असेल तर बजावणीही टिकत नाही.

पहिला खोळंबा बहुतेकदा वादीच्याच, म्हणजे दावा लावणाऱ्या मालकाच्याच बाजूने होतो. प्रोसेस फी (समन्स पोचवण्याचं शुल्क) भरायची राहते, दाव्याची नक्कल जोडलेली नसते, पत्त्यात नुसतं चाळीचं नाव असतं. खोली क्रमांक, मजला, जवळची खूण लिहा. समन्स बजावणीविना परत आल्यावर सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही, तर दावा काढून टाकला जाऊ शकतो.

बेलिफाने प्रत शक्यतो भाडेकरूच्याच हाती द्यायची, मूळ समन्सवर सही घ्यायची आणि वेळ व पद्धत नोंदवायची. भाडेकरू घरी नसेल आणि लवकर भेटण्यासारखा नसेल, तर सोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं. नोकर घरातला माणूस धरला जात नाही. अहवालावर मोलकरणीची किंवा वॉचमनची सही दिसली, तर हरकत जरूर घ्या.

खरी गडबड होते ती समन्स दाराला चिकटवण्यात. नोकरदार भाडेकरू दुपारी घरी नसतोच. बेलिफ एकदा येतो, कुलूप बघतो, चिकटवतो आणि "दार बंद, सबब चिकटवले" एवढं लिहून मोकळा होतो. हे पुरेसं नाही. कितीदा गेलो, कधी गेलो, चौकशी कोणाकडे केली, घर कोणी दाखवलं, कोणासमक्ष चिकटवलं, त्यांची नावं-पत्ते काय, हे सगळं अहवालात हवं, आणि सोबत प्रतिज्ञापत्र. ते नसेल तर न्यायालयाने बेलिफाला तपासायचं असतं. घर दाखवायला मालकाचा माणूस जातो, त्याला अडचण नाही. पण साक्षीला शेजारचा तटस्थ माणूस मिळाला तर पुढचा वाद टळतो. एन-स्टेप या न्यायालयांच्या समन्स-बजावणीच्या मोबाइल ॲपवर बेलिफाचं ठिकाण आणि वेळ नोंदली जाते, ही अलीकडची सगळ्यात चांगली सुधारणा.

पोस्टाची बाजू अगदीच लंगडी नाही. "घेण्यास नकार" असा शेरा आला, तर न्यायालय बजावणी झाल्याचं धरतं. म्हणून पाकीट परत पाठवून किंवा बेलिफाला सही नाकारून भाडेकरूच्या पदरात काहीच पडत नाही. उलट मुदती सुरू होतात. लेखी कैफियतीला (दाव्याच्या लेखी उत्तराला) 30 दिवस, न्यायालयाने वाढवले तर 90 पर्यंत.

थकबाकीच्या दाव्यात तर बजावणीची तारीख भाडेकरूचं घर वाचवू शकते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 15 प्रमाणे समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत थकीत भाडं 15 टक्के सरळ व्याजासह भरलं, पुढचं भाडं नियमित भरत राहिलं आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. म्हणून समन्स हातात पडताच तारीख प्रतीवर लिहून ठेवा, आणि नंतर बेलिफाच्या अहवालाची नक्कल काढून ती जुळते का पाहा.

समन्स मिळालंच नाही आणि एकतर्फी हुकूमनामा (भाडेकरूच्या गैरहजेरीत दिलेला निकाल) झाला, तर तो कळल्यापासून 30 दिवसांत रद्द करण्याचा अर्ज द्यावा लागतो. पण सुनावणीची तारीख भाडेकरूला वेळेत माहीत होती असं दिसलं, तर बजावणीतल्या किरकोळ त्रुटीवर हुकूमनामा रद्द होत नाही.