मामाच्या आयआरएचं सोनं केलं, त्याला चौदा महिने झाले

सोन्याचा भाव वाढला म्हणून हे लिहीत नाहीये. तो वाढलाच, ऑक्टोबर 2025 मध्ये औंसाला 4,000 डॉलरच्या वर गेला. लिहितेय ते डिसेंबरात माझी जी धावपळ झाली त्यामुळे.

ह्यूस्टनचा मामा 2022 मध्ये गेला, 78 वर्षांचा होता. मूलबाळ नाही, आयआरएवर, म्हणजे त्याच्या अमेरिकेतल्या निवृत्तीच्या बचत खात्यावर, वारस म्हणून नाव माझं. भाचीला दहा वर्षांचा नियम, म्हणजे 31 डिसेंबर 2032 पर्यंत खातं रिकामं करायचं. सोनं विकणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "चेक तुमच्या नावावर मागवा, साठ दिवस मिळतात." ती सोय फक्त नवरा-बायकोला आहे! बाकीच्या वारसांनी पैसे थेट एका कस्टोडियनकडून (खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडून) दुसऱ्याकडेच न्यायचे. चेक हातात घेतला असता तर सगळी रक्कम त्याच वर्षीच्या उत्पन्नात धरली गेली असती. त्या दिवसापासून मी त्या कंपनीशी फक्त ईमेलवर बोलते.

सगळ्या पैशांची एकेक औंसाची अमेरिकन ईगल नाणी घेतली. चुकले ते इथेच. मामाचे दरवर्षी पैसे काढणं सुरू झालेलं होतं, म्हणून मलाही दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. 2024 पर्यंत सरकारने दंड माफ केला होता, 2025 पासून नाही. काढायची राहिलेल्या रकमेवर 25 टक्के दंड. मला काढायचे होते सुमारे 2,600 डॉलर. खात्यात रोकड होती ती तिजोरीच्या भाड्यात आणि वार्षिक फीत संपलेली, आणि एक नाणं चार हजारांच्या वर. नाणं काही कापता येत नाही. विकायला विचारलं तर कंपनी बाजारभावापेक्षा 120 डॉलर कमी देत होती. घेताना जास्त घेतले, विकतानाही माझेच कापायचे? मी इतकी चिडले की पैशांऐवजी नाणंच खात्यातून काढून घरी मागवलं. पूर्ण किमतीवरचा आयकर खिशातून भरणार आहे.

पार्सल सही करून घेतलं. गोल प्लास्टिकच्या डबीत नाणं, रंगाला तांबूस झाक. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर 34 ग्रॅम. त्यात शुद्ध सोनं 31.1, बाकी चांदी आणि तांबं. ईगल 22 कॅरटचं असूनही आयआरएत चालतं, आपले दागिने मात्र चालत नाहीत. देवघरात ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि खरं सांगते, रडू आलं. तोवर मामाची पुंजी म्हणजे डेलावेअरच्या तिजोरीचा एक कागद होता.

म्हणून माझं मत थोडं बदललंय. सोनं घेतल्याचा पश्चात्ताप नाही, सगळी नाणी मोठी घेतल्याचा आहे. पाव औंसाची नाणी वजनाच्या मानाने महाग पडतात, तरी थोडी घ्याच. निदान दोन वर्षांची रोकड खात्यात सोडा. आणि खात्यातून न काढताच त्यातलं सोनं घरी ठेवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2021 मध्ये टॅक्स कोर्टाने असं करणाऱ्या एका जोडप्यावर कर लावला.

भाव वाढल्याने यंदा काढायची रक्कमही चार हजारांच्या वर गेलीय. जानेवारीतच दोन नाणी विकून रोकड करून ठेवली, 120 चा फरक सोसून.