जेट बोटीच्या बेअरिंगला कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस : पावसाळ्यानंतर ते मे, वापरून कसं वाटलं

सुरुवातीलाच सांगतो, हे कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस, म्हणजे पाण्याने सहज धुतलं न जाणारं ग्रीस, चांगलं आहे आणि मी पुढेही हेच घेणार. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण डब्याच्या मागे काय लिहिलंय ते बघून घेतलं तर चांगल्या कंपनीचं कुठलंही चालेल.

बोट नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला असते, छोटी ॲल्युमिनियमची, आउटबोर्ड म्हणजे मागे बाहेरून लावलेलं इंजिन, पण खाली पंख्याच्या जागी जेट पंप, जो पाणी ओढून जोरात मागे फेकतो, आणि तिचं मेंटेनन्स माझ्याकडे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कडेचे खडक वर येतात, तिथे पंखा टिकत नाही म्हणून जेट. मुळात बिल हॅमिल्टन या इंजिनिअरने न्यूझीलंडमध्ये १९५०च्या दशकात जेट बोट बनवली तीही उथळ नद्यांसाठीच. पण आउटबोर्ड जेटमध्ये एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, पंख्याच्या इंजिनला खाली गिअर असतात, पंखा इंजिनच्या साधारण निम्म्या स्पीडने फिरतो. इथे गिअरच नाही, इम्पेलर, म्हणजे पंपाच्या आतलं फिरणारं पात्यांचं चाक, थेट इंजिनच्या स्पीडने, म्हणजे फुल थ्रॉटलला पाच हजार आरपीएमच्या वर, आणि त्याचा सगळा जोर घेणारं बेअरिंग पाण्यापासून फक्त सीलच्या (पाणी आत येऊ न देणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठाएवढं लांब. त्यामुळे ग्रीसचं काम नुसतं बेअरिंग गुळगुळीत फिरवणं नाही, आत शिरलेलं पाणी बाहेर ढकलणं हे निम्मं काम आहे.

आधी त्यात गाडीच्या चाकांना वापरतात ते लिथियम ग्रीस होतं. पावसाळ्यात धरणात गाळाचं लालसर पाणी येतं, त्या दिवसांत नवीन ग्रीस भरताना नळीतून बाहेर येणारं जुनं ग्रीस जास्त दूध घातलेल्या चहासारखं दिसायला लागलं होतं, बोटांत घेतलं तर पातळ, तार धरत नव्हतं. सील बदलले आणि ग्रीसही बदलायचं ठरवलं.

सातपूरला एमआयडीसीच्या कंपन्यांना बेअरिंग आणि ग्रीस देणारी दुकानं आहेत तिथे गेलो. दुकानदाराने आधी ४६० ग्रेडच्या बेस ऑइलचं (ग्रीसमधलं मूळ तेल, आकडा जितका मोठा तितकं घट्ट) काढून दिलं, ते घट्ट ऑइल हळू फिरणाऱ्या जड बेअरिंगसाठी ठीक, आपलं बेअरिंग जोरात फिरतं त्यामुळे मी पातळ बेस ऑइलचं एनएलजीआय २ मागितलं (हा आकडा ग्रीसच्या घट्टपणाचा, २ म्हणजे नेहमीचं मध्यम). घेताना डेटा शीट, म्हणजे कंपनीचा माहितीचा कागद, मागा आणि त्यात वॉटर वॉशआउटची ओळ बघा, टेस्टचा नंबर एएसटीएम डी १२६४, फिरत्या बेअरिंगवर तासभर पाण्याची धार सोडतात आणि किती टक्के ग्रीस धुतलं गेलं ते मोजतात, आकडा जितका कमी तितकं आपल्या कामाचं. किंमत लिथियमच्या दुप्पटीहून जास्त पडली.

आता मुख्य म्हणजे भरायचं कसं. आमच्या जेट पंपाच्या बेअरिंग हाउसिंगला एका बाजूला निपल (ग्रीस भरायचं छोटं तोंड) आहे आणि एका नळीचं टोक त्याच निपलवर टोपीसारखं बसवलेलं असतं. ते टोक काढायचं, निपलला ग्रीस गन लावायची, हळूहळू दाबायचं, ग्रीस आतून फिरून त्या नळीच्या टोकातून बाहेर यायला लागलं की थांबायचं आणि टोक परत निपलवर बसवायचं. हाताची गनच वापरा, हवेच्या प्रेशरवाली नको, सीलचा ओठ उलटू शकतो. दर १० तासांनी हे करायचंच, आणि मोठ्या सर्व्हिसला जास्त ग्रीस सोडून आतलं जुनं पूर्ण काढायचं. मी फेरी संपवून बोट वर घेतली की लगेच करतो, हाउसिंग गरम असतं त्यामुळे ग्रीस सहज सरकतं आणि आतला ओलावा रात्रभर बेअरिंगवर बसत नाही.

बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाकायच्या आधी नीट बघा, आतला रिपोर्ट तोच. ओलावा थोडा थोडा वाढत गेला तर सील झिजत चाललाय, हे चालायचंच. पण काळपट, मळकट राखाडी यायला लागलं तर खोलून बेअरिंग आणि सील तपासा. नवीन सील टाकल्यावर सुरुवातीला रंग थोडा बदलतो, त्याला घाबरू नका. माझ्याकडे पहिले काही आठवडे थोडं करडं आलं, नंतर जवळपास जसं भरलं तसंच तपकिरी येतंय, चिकटपणा टिकून. बोट वर घेऊन इम्पेलर हाताने फिरवला की खरखर अजिबात नाही.

न आवडलेल्या गोष्टी पण सांगतो. हे ग्रीस जड आहे, डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये, सकाळी गन दाबताना मनगट दुखतं, मध्ये हवेचा बुडबुडा असला तर गन नुसती पोकळ चालते. गन उन्हात ठेवून मग भरायची. आणि जुन्या ग्रीसवर तसंच हे भरू नका, दोन वेगळ्या जातीची ग्रीस एकत्र आली की कधी कधी पातळ होऊन वाहतात. आम्ही हाउसिंग खोलून धुऊन घेतलं होतं.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगतोय. गंगापूरचं पाणी नाशिककर पितात. बोट पाण्यात असताना ग्रीस भरू नका, काठावर ओढून घ्या, नळीखाली फडकं धरा, बाहेर आलेला एक थेंबसुद्धा पाण्यात जाता कामा नये, आणि ती फडकी तिथेच फेकू नका. मी पिशवीत भरून गॅरेजच्या वापरलेल्या ऑइलसोबत देतो. आता पावसाळ्याआधी सील परत बदलणार आहे, गाळाच्या पाण्यात हे ग्रीस कसं टिकतं ते सप्टेंबरमध्ये इथेच खाली लिहीन.